वर्गात जमतं, घरी जमत नाही: रेखाटन शिकवण्याची वेगळी मांडणी

माझ्याकडे एक जुनी फाइल आहे. सहा आठवड्यांच्या रेखाटन वर्गातल्या प्रौढ विद्यार्थ्यांची चित्रं तिच्यात आहेत. प्रत्येकाचं पहिल्या दिवसाचं एक आणि शेवटच्या दिवसाचं एक. दोन्ही शेजारी ठेवली की शिकवणाऱ्याची छाती फुगावी इतका फरक दिसतो. वर्ग संपल्यावर दीड महिन्याने त्यातली काही मंडळी पुन्हा भेटली. मी सहज टेबलावर एक कप ठेवला आणि म्हटलं, काढा. जे कागदावर उतरलं ते पहिल्या दिवसाच्या चित्रांत मिसळलं असतं, तर मलाही वेगळं काढता आलं नसतं.

घरी सराव केला नसेल, असं आधी मनात आलं. मग वर्गात मी काय करत होतो ते आठवलं. प्रत्येकाच्या खांद्यामागे उभा राहून ‘कड थोडी चपटी करा’, ‘डावी बाजू खाली घ्या’, ‘इथे अजून गडद’ असं सतत सांगत होतो. हात त्यांचे होते, डोळे माझे. वर्ग संपला आणि डोळे निघून गेले.

शिकण्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवतात: आत्ता दिसणारी कामगिरी आणि मागे उरणारं शिक्षण. पहिली वाढवणाऱ्या कितीतरी युक्त्या दुसऱ्याचं नुकसान करतात. रॉबर्ट ब्यॉर्क यांनी १९९४ मध्ये याच्या उलट बाजूला नाव दिलं, ‘हव्याशा अडचणी’: सराव अवघड वाटायला लावणाऱ्या, पण शिकलेलं टिकवणाऱ्या अडचणी. त्या दीड महिन्यानंतरच्या कपापासून मी माझा वर्ग पुन्हा मांडत गेलो. ती मांडणी इथे देतो. वर्ग घेत असाल, घरातल्या कुणाला शिकवत असाल किंवा स्वतःच शिकत असाल, तरी क्रम हाच ठेवता येईल.

पहिला दिवस: शिकवण्याआधी परीक्षा

काहीही न सांगता तीन चित्रं काढायला लावा. सायकल, आठवणीतून. समोर ठेवलेला एक कप, नजरेच्या जरा खाली. आणि स्वतःचा मोकळा हात. प्रत्येकाला दहा मिनिटं. खोडरबर देऊ नका. तारीख टाकून कागद गोळा करा, शेरा मारू नका.

सायकलवर लोक हसतात, म्हणून ती पहिली ठेवा. रेबेका लॉसन यांनी २००६ मध्ये नेमकं हेच तपासलं होतं. रोज सायकल दिसत असूनही लोक साखळी पुढच्या चाकापर्यंत नेतात, किंवा सांगाड्याची दांडी थेट दोन्ही चाकांना जोडतात. मग हँडल वळणार कसं हा प्रश्नच येत नाही. त्याआधी १९७९ मध्ये निकरसन आणि ॲडम्स यांनी अमेरिकनांना त्यांचंच एका सेंटचं नाणं आठवून काढायला लावलं. हजारो वेळा हाताळलेलं ते नाणं, पण कुठल्या बाजूला काय आहे आणि चेहरा कुणीकडे वळलेला आहे यात बहुतेकांची त्रेधा उडाली.

ओळखायला पुरेल एवढंच आपण साठवतो. काढायला त्याच्या कितीतरी पट लागतं. ‘मला चित्रकला येत नाही’ असं म्हणत आलेल्या माणसाला सायकलची ही गंमत दाखवली की त्याचा चेहरा सैल होतो. दोष बोटांत नाही, ती माहिती कधी गोळाच केली नव्हती, एवढं पहिल्या तासात कळलं तरी पुष्कळ झालं.

चुकतं नेमकं कुठे

संशयित चार. वस्तूच चुकीची दिसते, किंवा काय काढायचं आणि काय सोडायचं हा निर्णय चुकतो, किंवा हात ऐकत नाही, किंवा स्वतःच्या कागदावरची चूक दिसत नाही. बहुतेक लोक हाताला दोषी धरून येतात आणि बहुतेक वर्गही पहिले पंधरा दिवस सरळ रेषा गिरवण्यात घालवतात.

कोहेन आणि बेनेट यांनी १९९७ मध्ये हे चारही संशयित एकेक करून तपासले. फोटोवरून गिरवायला सांगितलं तर सामान्य माणसं ठीकठाक गिरवतात, म्हणजे हात निर्दोष. मुख्य दोषी ठरलं ते वस्तूचं चुकीचं दिसणं. हीच तपासणी तुम्ही पाच मिनिटांत करू शकता: कपाच्या फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून विद्यार्थ्याला गिरवायला लावा आणि तो कागद पहिल्या दिवसाच्या कपाशेजारी ठेवा. ज्या हाताने गिरवलेला कप नीट आला, त्याच हाताने तो दुसरा कपही काढला होता. पुढचं बोलणं सोपं होतं.

आता त्या दुसऱ्या कपात काय बिघडलं ते बघा. जवळजवळ प्रत्येक नवख्याच्या कागदावर तोंडाची कड खूप उघडी असते आणि तळ सपाट. कड गोल आहे हे माहीत असतं म्हणून ती गोलाकडे झुकते. कप टेबलावर सपाट बसतो हे माहीत असतं म्हणून तळाला सरळ रेघ येते. प्रत्यक्षात उलट आहे. नजर कडेवर ३० अंश खाली पडत असेल तर तो लंबगोल रुंदीच्या निम्मा उंच दिसतो, १५ अंशांवर जेमतेम पाव. आणि तळ नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असल्यामुळे तिथला लंबगोल वरच्यापेक्षा जास्त उघडा असतो. कप जितका जवळ तितका हा फरक ठळक.

मेंदू हे मुद्दाम करतो. वस्तूचा खरा आकार जपणं हे त्याचं काम. ताट कुठल्याही कोनातून ताटच दिसलं पाहिजे, नाहीतर जगणं मुश्कील. थाउलेस यांनी १९३१ मध्ये गोल तबकडी तिरकी ठेवून लोकांना विचारलं, कोणता आकार दिसतो? लोकांनी निवडलेला आकार खरोखर दिसणारा लंबगोल आणि खरा गोल यांच्या अधेमधे कुठेतरी पडत असे. रॉजर शेपर्ड यांचं १९९० मधलं दोन टेबलांचं चित्र तर याहून वरताण: एक टेबल लांबुळकं, दुसरं जवळजवळ चौकोनी, आणि दोन्हींचे पृष्ठभाग कागदावर हुबेहूब एकाच मापाचे. मोजून खात्री करून घेतली तरी डोळा मानत नाही.

म्हणूनच ‘नीट बघा’ हा चित्रकलेच्या वर्गातला सर्वांत वापरलेला आणि सर्वांत निरुपयोगी सल्ला आहे. नीट बघूनच ते चुकीचं दिसतं. शिकवायच्या असतात त्या डोळ्याला फसवून बाहेर काढणाऱ्या युक्त्या.

एका वेळी एकच ओझं

नवशिक्या कागदासमोर बसतो तेव्हा त्याच्या डोक्यात प्रमाण, आकार, छटा, पेन्सिलीचा दाब, शेजारच्याचं चित्र आणि आपली होणारी फजिती हे सगळं एकदम चालू असतं. नेल्सन कोवन यांच्या २००१ मधल्या मांडणीनुसार आपण एका वेळी साधारण चारच गोष्टी मनात धरून ठेवू शकतो. अनुभवी चित्रकारालाही जागा तेवढीच मिळते, पण त्याचा एकेक कप्पा मोठा असतो. ‘नजरेखाली थोडा झुकलेला दंडगोल’ ही त्याच्यासाठी एक गोष्ट, नवख्यासाठी आठ. बुद्धिबळात विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये हेच दाखवलं. काही सेकंद पाहिलेला खऱ्या डावाचा पट निष्णात खेळाडू जवळपास पूर्ण मांडतो. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या की त्याची आघाडी जवळपास संपते. स्मरणशक्ती तीच, फक्त ओळखीचे गठ्ठे नाहीसे झालेले असतात.

म्हणजे शिक्षकाने असे गठ्ठे बांधून द्यायचे. त्यासाठी मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे सोडवून दाखवलेलं उदाहरण. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणितात दाखवलं होतं की नवशिक्यांना थेट गणितं सोडवायला देण्यापेक्षा सोडवलेली उदाहरणं अभ्यासायला दिली तर कमी वेळात जास्त शिकून होतं. चित्रकलेत आपण प्रात्यक्षिक देतो खरं, पण गप्प राहून देतो. हात सुंदर फिरतो, बघणारा भारावतो आणि नेमकं काय झालं ते त्याला कळत नाही.

बोलत काढा. कप घेतला तर असं: ‘आधी मी पूर्ण कप एका चौकटीत बसतो असं धरतो, उंची रुंदीच्या सव्वापट. मधोमध एक उभी रेघ, दोन्ही बाजू तिला तोलून असणार. वरची कड: रुंदी एवढी, मग उंची? पाव वाटते. मला ती जास्त काढायचा मोह होतोय, म्हणून मुद्दाम कमी. तळ: वरच्यापेक्षा थोडा जास्त उघडा. आता बाजू. कान सर्वांत शेवटी, आणि मी कान काढतच नाही, कानाच्या आतल्या पोकळीचा आकार काढतो.’ चुकलात तर चूकही बोलून दाखवा. ‘अरे, तळ सपाट झाला’ हे वाक्य शिक्षकाच्या तोंडून ऐकण्यात मोठं शिक्षण आहे.

मग कोऱ्या कागदावर उडी मारायला लावू नका. अर्धवट चित्रं तयार ठेवा. पहिल्या कागदावर सगळं आहे, फक्त बाजू आणि कान राहिलेत. दुसऱ्यावर मधली रेघ आणि वरची कड एवढंच. तिसऱ्यावर फक्त बाहेरची चौकट. चौथा कोरा. एका बैठकीत चारही होतात. चित्रकार बार्ग यांनी चित्रकार जेरोम यांच्या सोबतीने १८६६ ते १८७१ दरम्यान काढलेल्या फ्रेंच सरावतक्त्यांत ही जाण दिसते: अनेक तक्त्यांवर पूर्ण रेखाटनाशेजारी त्याच आकाराचा सरळ रेषांचा ढोबळ आराखडा दिलेला आहे. बघणाऱ्याला शेवट आणि रस्ता, दोन्ही समोर.

मात्र हा आधार काढून घ्यायची वेळ चुकवू नका. नवख्याला उपकारक ठरणारी उदाहरणं जाणत्याला अडथळा करतात, हेही संशोधनात दिसून आलेलं आहे. चौथा कागद दोनदा नीट जमला की त्या आकाराचे अर्धवट कागद बंद.

आणि छायाप्रकाश? पहिले तीन-चार आठवडे अजिबात नको. लोक रागावतात, कारण छटा दिल्या की चित्र ‘खरं’ वाटतं. पण चुकलेल्या आकाराला दिलेली सुंदर छटा म्हणजे वाकड्या भिंतीला रंग.

आधी अंदाज, मग माप

मोजायची साधनं जुनी आणि साधी आहेत. हात ताठ ठेवून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेणं. कोपर सरळ हवं, कारण पेन्सिलीचं डोळ्यापासूनचं अंतर बदललं की सगळी मापं खोटी. ओळंबा: दोऱ्याला एखादं वजन बांधून समोर धरला की कशाखाली काय येतं ते कळतं. चौकटींची जाळी: इटालियन वास्तुकार आणि लेखक आल्बेर्तीने १४३५ मध्ये वर्णन केलेला पातळ विणीचा पडदा, ज्यातले जाड धागे दृश्याचे चौकोन पाडतात.

खुबी साधनांच्या क्रमात आहे. माझे विद्यार्थी आधी मोजायचे, मग काढायचे. चित्रं अचूक येत. साधन काढून घेतलं की डोळा होता तिथेच. आता नियम उलटा: कागदाच्या कोपऱ्यात आधी अंदाज लिहायचा, ‘उंची रुंदीच्या सव्वापट’. त्या अंदाजाने हलकं रेखाटन करायचं. मग मोजायचं आणि खरं माप शेजारी लिहायचं: ‘दीडपट’. मग दुरुस्ती, वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने.

दहा-बारा वस्तूंनंतर त्या कोपऱ्यातले आकडे एकत्र वाचा. इथे मजा येते. एकाचा प्रत्येक उंचीचा अंदाज कमी असतो. दुसरी तिरप्या रेषा नेहमी आडव्याकडे झुकवते. ही ज्याची त्याची खोड असते आणि ती एकदा स्वतःच्या अक्षरात दिसली की पुढच्या वेळी तो स्वतःच म्हणतो, ‘मला सव्वा वाटतंय म्हणजे दीड असणार.’ डोळा सुधारण्याची सुरुवात मी बहुतेक वेळा इथे पाहिली आहे.

जाळीबद्दल माझं मत कडक आहे. ती चित्र झाल्यावर तपासायला वापरा. आधीपासून आखून घेतली तर विद्यार्थी चौकोन नकलतो, वस्तू बघत नाही. हालचाली शिकण्यावरच्या प्रयोगांतही हेच दिसतं. विन्स्टाइन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये एका गटाला हाताच्या हालचालीच्या प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, दुसऱ्याला साधारण निम्म्या प्रयत्नांनंतरच. नंतर, निकाल सांगणं बंद करून घेतलेल्या चाचणीत निम्म्यावाला गट पुढे होता. सतत मिळणारा आधार कुबडी होतो. माझं खांद्यामागून बोलणं म्हणजे तीच कुबडी.

फोटो उलटा ठेवून काढायची युक्ती अनेकांनी ऐकली असेल. ती चालते. पण ‘उजवा मेंदू जागा होतो’ हे तिचं स्पष्टीकरण सोडून द्या. उलट्या चित्रातली वस्तू चटकन ओळखू येत नाही, म्हणून आपलं आधीचं ज्ञान कमी लुडबुडतं, एवढा साधा खुलासा पुरतो. महिन्यातून एकदा करून बघायला छान. शेवटी वस्तू ओळखत असतानाच ती काढता यायला हवी, म्हणून रोज नको.

बघा, झाका, काढा

या मांडणीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत टाळला जाणारा भाग हा आहे.

रोडिगर आणि कार्पिकी यांचा २००६ मधला प्रयोग असा: काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. आठवण्याची धडपड हीच शिकणं घट्ट करते.

चित्रात वस्तू सतत समोर असते, त्यामुळे काहीही आठवावं लागत नाही. डोळा कपावरून कागदावर, कागदावरून कपावर. प्रत्येक फेरीत थोडंसं उचललं आणि टाकून दिलं. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लकॉक द ब्वाबोद्राँ नावाच्या शिक्षकाने यावर उपाय काढला होता. तो विद्यार्थ्यांना आकृती अभ्यासायला लावी, मग ती काढून घेऊन आठवणीतून काढायला सांगे. सुरुवात अगदी लहान गोष्टीपासून, नाकाच्या बाजूच्या रेषेपासून. शिल्पकार रोदँ आणि चित्रकार फाँताँ-लातूर हे त्याचे विद्यार्थी. प्रयोगशाळेतलं नाव मिळायच्या कितीतरी आधी ही पद्धत चालू होती.

मी ती अशी घेतो. वस्तू एक मिनिट बघायची, पेन्सिल खाली ठेवून. त्या मिनिटात मनात शब्दांत बोलायचं: कड पाव, कान वरच्या तिसऱ्या भागापासून सुरू, तळ तोंडापेक्षा अरुंद. मग वस्तू झाकायची. तीन मिनिटं आठवणीतून काढायचं, खोडायचं नाही. मग झाकण उघडायचं आणि रंगीत पेन्सिलीने त्याच कागदावर दुरुस्त करायचं. शेवटी एक ओळ लिहायची: काय बघितलंच नव्हतं?

ही ओळ सोडू नका. ‘कान कुठे संपतो ते बघितलंच नव्हतं’ असं लिहिणारा माणूस पुढच्या मिनिटात तिथेच बघतो. पहिल्या फेरीत सगळे कपाचं सौंदर्य बघतात, तिसऱ्या फेरीपासून माहिती गोळा करू लागतात. एका बैठकीत अशा चारच फेऱ्या घ्या; डोकं लवकर दमतं. पुढच्या बैठकीची सुरुवात काहीही न दाखवता, ‘मागच्या वेळचा कप काढा’ अशी करायची.

पहिले काही दिवस चित्रं भयंकर येतात. विद्यार्थ्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते गळतात.

सराव विखुरा आणि मिसळा

एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की एका बैठकीत कोंबलेल्या पाठांतरापेक्षा दिवसांवर पसरलेलं पाठांतर कमी कष्टांत साधतं. रेखाटनातही रविवारी तीन तास बसण्यापेक्षा आठवडाभर रोज पंचवीस मिनिटं बरी. हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे त्यात रेंगाळत नाही. मिसळण्याचं मात्र समजावून सांगावं लागतं.

नेहमीचा अभ्यासक्रम असा असतो: एक आठवडा लंबगोल, एक आठवडा पेट्या, एक आठवडा हात. लंबगोलांच्या आठवड्यात विसावा लंबगोल सुरेख येतो, कारण हात अजून एकोणिसाव्याच्या तालात असतो. पण खऱ्या चित्रात कुणी सांगत नाही की आता लंबगोल आहे. समोर काय आहे आणि त्याला कोणती युक्ती लागेल हे ओळखणं हेच अर्धं काम, आणि एकसुरी सरावात ते कधी करावंच लागत नाही.

कॉर्नेल आणि ब्यॉर्क यांनी २००८ मध्ये लोकांना बारा चित्रकारांची निसर्गचित्रं दाखवली. काही चित्रकारांची सगळी चित्रं सलग, बाकीच्यांची एकमेकांत मिसळून. मग नवी, न पाहिलेली चित्रं दाखवून विचारलं, हे कुणाचं? मिसळून पाहिलेल्या चित्रकारांच्या शैली लोकांनी जास्त चांगल्या ओळखल्या. तरीही बहुतेकांचं मत होतं की सलग पाहिल्यानेच आपण जास्त शिकलो. चाचणी देऊन झाल्यावरही हे मत! तुमचे विद्यार्थीही कुरकुर करणार, ही खूणगाठ बांधून ठेवा.

हातांच्या कौशल्यात बदलत्या सरावाचा फायदा दाखवणारा एक लहानसा प्रयोग मला फार आवडतो. केर आणि बूथ यांनी १९७८ मध्ये आठ वर्षांच्या मुलांना छोट्या पिशव्या नेमावर टाकायला दिल्या. एका गटाने फक्त तीन फुटांवर सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवर. बारा आठवड्यांनी तीन फुटांवर चाचणी झाली, आणि तीन फुटांवर एकदाही सराव न केलेला गट सरस ठरला.

आठवडा असा लावता येईल. नवा आकार ज्या दिवशी येतो त्या दिवशी त्याचे सलग सहा-सात प्रयत्न. अगदी सुरुवातीला एवढी एकाग्रता लागतेच, पहिल्या मिनिटापासून मिसळलं तर गोंधळ उडतो. दुसऱ्या दिवसापासून तो जुन्या आकारांत टाका: एक कप, एक उघडी पेटी, एक बूट, पुन्हा कप पण नजरेच्या पातळीवर, मग आडवा पडलेला. चिठ्ठ्या करून उचलायला लावल्या तर आणखी बरं. आणि प्रत्येक आकार वाढत्या अंतराने परत आणा: पहिल्या दिवशी, तिसऱ्या, आठव्या, विसाव्या. मी मागच्या पानावर फक्त तारखा मांडून ठेवतो, त्याला वेगळं ॲप लागत नाही.

चूक कशी सांगायची

‘छान!’ म्हणू नका. ‘अजून मेहनत हवी’ही नको. दोन्हींत माहिती शून्य. क्लूगर आणि डिनिसी यांनी १९९६ मध्ये अभिप्रायावरचं संशोधन एकत्र करून पाहिलं, तेव्हा सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी अभिप्रायाने कामगिरी घसरली होती. लक्ष कामावरून निघून स्वतःवर, ‘मला जमतंय की नाही’ यावर गेलं की असं होतं. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये शाळकरी मुलांवर पाहिलेली गोष्ट तर प्रत्येक शिक्षकाने भिंतीवर लावावी: नुसता लेखी शेरा मिळालेली मुलं सुधारली, शेऱ्याबरोबर गुणही दिले तर शेऱ्याचा उपयोग गेला. मुलांनी आकडा वाचला आणि बाकीचं सोडलं.

माझा शिरस्ता आता असा आहे. विद्यार्थी काढत असताना मी बोलत नाही. झालं की चित्र वस्तूशेजारी उभं करायचं आणि सहा पावलं मागे जायचं. पहिला प्रश्न माझा: ‘तुम्हाला कुठे वेगळं दिसतंय?’ मग गप्प. ही शांतता जड जाते, विशेषतः मला. ते जे बोट दाखवतील तिथून सुरू करायचं. न दिसलेली चूक असेल तर उत्तर न सांगता तपासायची रीत सांगायची: ‘कानाच्या खालच्या टोकाला ओळंबा लावा.’ एका चित्रावर एकच चूक. त्यांच्या कागदावर मी हात लावत नाही. फारच गरज पडली तर वर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर.

चित्र आरशात दाखवणं ही जुनी युक्ती स्वतःच्या चुकांना सरावलेल्या डोळ्यासाठी अजून तितकीच धारदार आहे.

वह्या भरण्याबद्दल थोडं

‘शंभर स्केचबुकं भरा, आपोआप येईल.’ नाही येत. दहा हजार तासांचा जो आकडा सगळीकडे फिरतो तो एरिकसन आणि सहकाऱ्यांच्या १९९३ मधल्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातून निघाला. तिथे तो सर्वोत्तम गटाने विसाव्या वर्षापर्यंत एकट्याने केलेल्या सरावाची सरासरी होती. इतके तास झाले की पारंगत, असा उंबरठा कुणी आखला नव्हता. त्या अभ्यासाचा भर ठरवून, विशिष्ट उणिवेवर केलेल्या सरावावर होता. वहीचं पान सुरू करताना वरती एक ओळ लिहा: आज फक्त तिरप्या रेषांचे कोन. त्या ओळीशिवाय भरलेलं पान म्हणजे विरंगुळा. विरंगुळा वाईट नाही, त्यासाठी वेगळी वही ठेवा.

‘मी डोळ्यांनी शिकणारी आहे’, ‘मला करूनच कळतं’ असं कुणी सांगितलं तर वाद घालू नका, आणि त्यानुसार वर्गही बदलू नका. पॅश्लर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हा दावा तपासला. शैलीनुसार शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा आधार सापडला नाही.

पंधरा दिवसांनंतरची परीक्षा

सहावा आठवडा संपला की लगेच शेवटची चित्रं काढायला लावू नका. पंधरा दिवस जाऊ द्या. मग बोलवा आणि पुन्हा तीन चित्रं: आठवणीतून सायकल, समोर कप, आणि तिसरी वस्तू वर्गात कधीच न आलेली, पण त्याच आकारांनी बनलेली, बादली, टॉर्च, पाणी घालायची झारी. मोजणी नाही, ओळंबा नाही, तुम्ही खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

पहिल्या दिवसाचा कागद शेजारी ठेवून तीनच गोष्टी बघा. कडेचा लंबगोल किती उघडा? तळ वाकला का? नव्या वस्तूत जुने आकार ओळखले का? चित्र देखणं आहे की नाही हे बघायचं नाही. माझ्या अलीकडच्या गटात कडा जवळजवळ सगळ्यांच्या चपट्या आल्या, तळही वाकले. झारीच्या पोटात दंडगोल बहुतेकांना दिसला. तोटी मात्र निम्म्यांची बाजूला चिकटवल्यासारखी आली, कारण दोन आकार एकमेकांत कुठे घुसतात ते मी कधी सोडवून दाखवलंच नव्हतं. पुढच्या गटासाठी त्याचे चार अर्धवट कागद आता टेबलावर आहेत.